लोंढ्यात गाडी बदलायची असेल तर

बेळगावहून निघालं की देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी आणि मग ५१ किलोमीटरवर लोंढा. खानापूर सुटल्यावर झाडी दाट होत जाते, आणि त्या झाडीतच अचानक रूळ फुटायला लागतात. इथे तीन वाटा मिळतात. एक आमची बेळगाव-मिरजेची, दुसरी अळणावरवरून धारवाड-हुबळीला जाणारी, तिसरी कॅसलरॉकचा घाट उतरून कुळे, मडगाव, वास्कोला पोचणारी. दादरला लोकल चुकली तर पाच मिनिटांत दुसरी येते. लोंढ्यात चुकली तर अर्धा दिवस गेला समजा.

म्हणून गाडी बदलणाऱ्याने आधी एवढंच बघावं की आपली पहिली गाडी येणार कुठल्या बाजूने. बेळगाव किंवा हुबळीकडून येत असाल तर दीड तास हाताशी ठेवला तरी सहसा भागतं. गोव्याकडून येत असाल तर मी तीन तासांखाली जात नाही.

कारण घाट. कुळे ते कॅसलरॉक २६ किलोमीटर, चढ ३७ मीटरला १ मीटर. म्हणजे एकाच डब्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा साधारण ६० सेंटीमीटर उंच असतं. साइड बर्थवर आडवी ठेवलेली पाण्याची बाटली मागच्या अंगाला घरंगळते, त्यावरून चढ लागल्याचं कळतं. चढणाऱ्या गाडीला कुळ्यात मागून बँकर इंजिनं लावतात. शेवटच्या डब्यांत बसलं की धक्का पाठीकडून येतो, गाडी कुणीतरी खांदा लावून रेटतंय असा. इंजिनं जोडायला वेळ, सोडायला वेळ, आणि घाटात मार्ग एकेरी. पुढे मुरगाव बंदरातून निघालेली कोळशाची मालगाडी असली की मागची गाडी ताटकळते. उतरतानाही कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, आणि ते तसंच हवं. गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं तेव्हा याच स्टेशनवर त्यांच्या हद्दीत जाणाऱ्यांचं सामान तपासलं जाई.

पावसाळ्यात हिशेब आणखी बिघडतो. कोकण रेल्वे बंद पडली की तिकडच्या गाड्या लोंढ्यामार्गे वळवतात आणि आधीच एकेरी असलेल्या घाटात त्यांची भर पडते. २३ जुलै २०२१ ला अशीच वळवलेली मंगळूर-मुंबई गाडी दूधसागर ते सोनावळी दरम्यान दरड येऊन रुळावरून घसरली होती. जुलै-ऑगस्टात निघायच्या सकाळी गाडीची सद्यस्थिती बघितल्याशिवाय घर सोडू नये.

तिकिटात लोक हमखास चुकतात. बेळगावहून मडगावला जायचं तर जनरलचं तिकीट सरळ मडगावचं काढा. लोंढ्यापर्यंत एक आणि पुढचं वेगळं, असं केलं की महाग पडतं, कारण अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो. २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट सकाळीच काढून खिशात ठेवून उपयोग नाही. तीन तासांत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतर असेल तोवर प्रवास सुरू व्हायला हवा. गोवा एक्सप्रेस सुपरफास्ट आहे. साध्या एक्सप्रेसच्या तिकिटावर तिच्यात चढलात तर टीसी पैसे घेणारच, म्हणून खिडकीवर 'सुपरफास्ट' असं स्पष्ट सांगा. जनरलमध्ये त्याचे १५ रुपये जास्त.

आरक्षण असेल तर दोन्ही पीएनआर जोडून घ्या. ही सोय १ एप्रिल २०१९ पासून आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर दुसरीचे पैसे परत मागता येतात. मात्र दोन्हींवर प्रवाशांची नावं तंतोतंत तीच हवीत. एकीकडे आडनाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असलं की जोडणी होत नाही.

फलाटावरच्या पाट्या कन्नड, हिंदी, इंग्रजीत. घोषणेत बेळगावचं 'बेळगावी' आणि हुबळीचं 'हुब्बळ्ळी' ऐकू येईल. उद्घोषणा नीट कळली नाही तर गाडीच्या नंबरावर लक्ष ठेवा, नावावर नको. एकाच शहराला जाणाऱ्या दोन गाड्यांत गोंधळ होतो, नंबरात होत नाही.

दूधसागरला गाडी थांबली तरी खाली उतरू नका. रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

आणि सगळं करूनही गोव्याची गाडी गेलीच, तर स्टेशनात बसून राहण्यापेक्षा रामनगर गाठा. ते गोव्याच्या हमरस्त्यावर आहे, अनमोड घाटातून जाणारं वाहन तिथे बघता येतं. फक्त पावसाळ्यात घाट चालू आहे का, हे आधी विचारून घ्या.