आज कोट नाही

कोल्हापुरात गंगावेशीत, समोर म्हैस पिळून ग्लास हातात देणाऱ्या दूध कट्ट्यावर, एका संध्याकाळी एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चेहरा इतका ओळखीचा की मी सवयीनं नमस्कार घातला, आणि मग विचारात पडलो, हे कोण? भावकीतले? आईच्या माहेरचे? गृहस्थ गवळ्याला एवढंच म्हणाले, “फेस जरा कमी.” आणि उलगडा झाला. आमच्या लोकल केबलचे बातम्यावाले! वीसेक वर्षं हा माणूस रोज रात्री आमच्या घरी येतोय, पण फक्त कमरेच्या वरचा. त्यांची उंची किती असेल, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. बरेच बुटके निघाले.

माझ्या लहानपणी बातम्या म्हणजे मुंबई दूरदर्शन. प्रदीप भिडे पडद्यावर आले की घरात भांड्यांचा आवाज करायची सोय नसे. वाईटातली वाईट बातमीसुद्धा त्यांच्या तोंडून इस्त्री करून आल्यासारखी वाटायची. पण ते पडले मुंबईचे. बातमी वाचून झाली की ते त्यांच्या घरी, आपण आपल्या. आमच्या बातम्यावाल्यांना तशी सोय नाही. रात्री जे वाचलं त्याचा हिशेब सकाळी कपिलतीर्थ मार्केटात द्यावा लागतो. “काल पाणीपट्टीचं सांगितलासा, ते खरं व्हय?” असं विचारत भाजीवाली मेथीची जुडी हातातच धरून ठेवते. मोठ्या वाहिन्यांवर निवेदक एवढे ओरडतात, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. त्यांची भाजी दुसरं कुणीतरी आणत असणार.

फुटबॉलच्या दिवसांत तर त्यांची खरी कसोटी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची गाठ पडली की निकाल अख्ख्या गावाला आधीच ठाऊक असतो. तरी रात्री टीव्ही लावतात तो ‘वाचतोय कसा’ हे बघायला. जिंकलेल्यांना वाटतं, मरगळल्यासारखं वाचलं. हरलेल्यांना वाटतं, गालात हसला. आमच्या गल्लीत एकजण शपथेवर सांगायचा की ते मनातून तिसऱ्याच संघाचे, दिलबहारचे आहेत. मी स्वतः बारकाईनं पाहिलंय. गोल कुणाचाही असो, त्यांच्या भुवया जागच्या हलत नाहीत. वीसेक वर्षांत एखाद्या माणसानं दुसरं काही कमावलं नाही तरी चालेल.

बाकी थाट ठरलेला. काळा कोट, दर पंधरा दिवसांनी पुन्हा काळे होणारे केस, मागे रंकाळ्याचा फोटो. (त्या फोटोतलं पाणी इतकं निळं आहे की केंदाळ बघत वाढलेल्या माणसाला तो रंकाळा वाटतच नाही.) खाली पट्टीवर साड्यांचा सेल, गणिताचे क्लास आणि रक्षाविसर्जनाची वेळ एकामागून एक सरकत असते. आमच्याकडे वडील बातम्या ऐकायचे आणि आई पट्टी वाचायची. जेवताना दोघं एकमेकांना आपापली बातमी सांगायचे.

हे सगळं पावसाळ्यापर्यंत. जुलै उजाडला की गावाला एकच बातमी लागते, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका; हे आकडे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, सुतारवाड्यातली माणसं हलवली का, पाणी जामदार क्लबपाशी आलं का. हे सगळं मोबाइलवर दर तासाला येतंच. पण मोबाइलवर येतं ते ‘म्हणे’. बातम्यावाल्यांनी वाचलं की ते पाणी.

२०१९च्या ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो, म्हणजे पंचगंगा आमची शेजारीणच. त्या रात्री बातम्या लागल्या आणि आई पोळी लाटता लाटता थांबली. बातम्यावाले साध्या शर्टात बसले होते. दाढीचे खुंट वाढलेले, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. आवाज मात्र तोच, एक एक इंच मोजून वाचणारा. आकडा पुरता ऐकूनही न घेता आई म्हणाली, “आज कोट न्हाई. म्हंजे पाणी लई चढलंया.” आणि उठून तिनं तांदळाची पोती माळ्यावर टाकायला लावली.

दुसऱ्या दिवशी आमची वीज गेली. शिरोलीपाशी हायवे बंद झाला, शिंगणापूरची पंपिंगची यंत्रणा बुडाली आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे पडले. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पण आमचे तांदूळ कोरडे राहिले, ते एका न घातलेल्या कोटामुळं. आई अजून तसंच सांगते.

दूध कट्ट्यावर हे त्यांना सांगावं असं फार वाटलं. पण काय सांगणार? ‘तुम्ही कोट घातला नव्हता, त्याबद्दल आभार’? तेवढ्यात गवळ्यानं ग्लास पुढं केला आणि विचारलं,

“सायेब, यंदा पाऊस कसा हाय?”

“मला काय ठाऊक?” ते म्हणाले. “मी फक्त वाचतो.”

“ते खरं ओ,” गवळी म्हशीकडं वळत म्हणाला, “पर तुम्ही काय म्हणताय?”