बॅच 7: लंडनचं जड पाणी वठणीवर

लंडनच्या आमच्या नळाला येतं ते पाणी म्हणजे पातळ चुनखडीच. किटलीच्या तळाशी पांढरा थर, चहावर तवंग. मी घरी बिअर बनवतो, पण पहिल्या चार बॅचना मी पाण्याचा विचारच केला नाही. त्यातली तिसरी, स्टाउट म्हणजे काळी बिअर, झकास झाली आणि मला वाटलं, जमलं आपल्याला! श्रेय माझं नव्हतं. भाजलेलं काळं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, मुळातच आम्लधर्मी, ते पाण्यातलं अल्कधर्मी बायकार्बोनेट परस्पर जिरवतं. हे शहर पोर्टरसाठी, तशाच गडद बिअरसाठी, गाजलं ते उगाच नाही.

चौथी पेल एल, फिकट रंगाची बिअर. ग्लास नाकाशी नेला तर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास. नळाच्या पाण्यात जंतू मारायला टाकलेल्या क्लोरामाइनची माल्टमधल्या फिनॉलशी गाठ पडली की हे होतं. साधा क्लोरीन भांडं रात्रभर उघडं ठेवलं तरी उडतो, हे उडत नाही. आता अर्धी कॅम्पडेन गोळी (क्लोरामाइन मोडणारं सल्फाइट) लाटण्याने चुरून 25 लिटरमध्ये ढवळतो. तो विषय संपला.

पाचवीत वास गेला, पण कडवटपणा जिभेला खरखरीत लागला. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं उठून दिसावीत म्हणून मी जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घालत होतो, तेही चमच्याने, अंदाजपंचे. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, नमुना गार करून पीएच मोजला तर 5.8. मला 5.4 च्या आसपास हवा होता. चढ्या पीएचला धान्याच्या सालीतलं तुरट टॅनिन उतरतं.

मग मत्स्यालयवाल्यांचं केएच किट आणलं. 5 मिली पाण्यात एकेक थेंब टाकायचा, निळा रंग पिवळा होईपर्यंत. माझे 14 थेंब झाले. एका थेंबाला 17.9 धरा, म्हणजे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल जिरवण्याची ताकद) सुमारे 250 पीपीएम. जिप्सम या आकड्याला हातच लावत नाही, मॅशचा पीएच तेवढा थोडासा उतरवतं. म्हणजे मी आधी काढायचं ते न काढता वरून भर घालत बसलो होतो.

सहावीत 80 टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल 9 मिली घातलं. पीएच 5.4 वर आला, पण बिअरला ताकाची पुसट आंबूस चव. कुणाला आवडेलही, मला नाही.

सातवीला आदल्या रात्री सगळं पाणी 15 मिनिटं उकळून झाकून ठेवलं. सकाळी तळाशी पिठासारखा चुन्याचा साका. तो न ढवळता नळीने वरचं पाणी काढलं, किटने मोजलं: 5 थेंब! आता आम्ल फक्त 2 मिली. उकळताना बरंच कॅल्शियमही खाली बसतं, म्हणून जिप्सम 6 ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड 2 ग्रॅम, या वेळी काट्यावर तोलून. मॅश 5.4. कडवटपणा स्वच्छ, घोट संपला की जीभ मोकळी.

गॅस मात्र भरपूर जळतो. पुढची स्टाउट न उकळलेल्या पाण्याचीच, नुसती गोळी टाकून.

सातवीच्या उकळलेल्या पाण्यात जिप्सम वगैरे घालण्याआधी त्यातलं दोन लिटर बाजूला काढलं होतं. त्यात तूरडाळ लावली, एक शिट्टी कमी लागली.