झारी खाली ठेवायला शिकताना

माझं पहिलं रोप मी लाडाने मारलं. मिरचीचं होतं, वीतभर उंच, सहा-सात पानांचं. सकाळी उठलं की झारी, संध्याकाळी घरी आलं की झारी, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारीही एकदा, कारण ऊन रणरणत होतं आणि बिचाऱ्याला तहान लागली असेल असं मला वाटायचं. दहाव्या दिवशी पानांनी माना टाकल्या. आता मलूल पानं बघून कुणालाही जे वाटेल तेच मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मग आणखी पाणी. शेवटी एकदा देठाला धरून जरासं ओढलं तर अख्खं रोप हातात आलं. खाली मुळं म्हणून जे काही उरलं होतं ते तपकिरी, लिबलिबीत, आणि त्याला डबक्याचा वास.

समोरच्या काकू कैक वर्षं झाडं लावतात. त्यांना कुंडी दाखवली, तर रोपाकडे न बघता त्यांनी ती उलटी केली.

"अगं, हिला भोक कुठंय?"

नव्हतंच. दिसायला सुंदर म्हणून आणलेली कुंडी, तिला मी भोक कशाला पाडतेय? खाली खडे घातले होते की दोन बोटं, निचरा होण्यासाठी. काकू हसल्या. पुढे वाचताना कळलं की भोक असलेल्या कुंडीतही या खड्यांचा काही उपयोग होत नाही. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरू देत नाही. म्हणजे खड्यांमुळे चिखलाचा थर उलट वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. तरीही जो तो नवशिक्याला पहिला सल्ला देतो तो खड्यांचाच.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे वरची पानं अगदी तहानलेल्या झाडासारखीच दिसतात. पाण्यात उभं राहून झाड तहानेने मरतं आणि आपण आणखी एक तांब्या ओततो.

काकूंनी मला दोन गोष्टी करायला लावल्या. पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरं बोट खुपसायचं, आत ओल लागली तर झारी खाली ठेवायची. आणि रोज कुंडी जराशी उचलून बघायची. हे दुसरं मला आधी खुळेपणाचं वाटलं होतं, पण आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं. सुकलेली कुंडी रिकाम्या डब्यासारखी चटकन उचलली जाते, भिजलेली जागची हलत नाही. मोठ्या कुंड्यांना मात्र बोटच बरं, कंबर आपली आहे.

मिरची गेल्यावर मी बियांकडे वळले. बी मेलं तरी डोळ्यांदेखत मरत नाही, एवढाच हिशेब. टोमॅटोचं बी किती खोल पेरायचं, तर बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे जेमतेम मातीची चादर. मी चांगलं बोटभर खोल गाडलं होतं. शिवाय तिसऱ्या दिवसापासून उकरून बघायला सुरुवात. उबदार हवेत टोमॅटो उगवायला साधारण पाच ते दहा दिवस घेतो, मिरचीला दोन आठवडेही लागतात. पण ज्याने पहिल्यांदाच बी पेरलंय त्याला हे दिवस फार लांब वाटतात. पहिली खेप अशी उकरण्यातच संपली.

दुसऱ्या खेपेला वरवर पेरलं आणि ट्रे मुद्दाम कपाटावर, नजरेआड ठेवला. सातव्या दिवशी खाली काढला तर मातीला एक बारीक भेग पडली होती आणि त्यात पांढुरका, केसाहून जरा जाड असा देठाचा वाक दिसत होता. मला वाटायचं बियातून पानं आधी वर येत असतील. तसं नसतं. आधी वाकलेली मान वर येते, डोकं अजून मातीतच असतं. मग देठ सरळ व्हायला लागतो आणि दोन्ही पानं मिटलेलीच मागे ओढून वर काढतो. कोवळा शेंडा मातीत घासला जाऊ नये यासाठीची ही सोय. मी गुडघे टेकून अर्धा तास तो ट्रे बघत बसले. त्यात काही हललं नाही, पण चहा करून परत आले तर मान वर झालेली.

त्यातल्या एका रोपाच्या पानांवर बियाचं टरफल टोपीसारखं अडकून राहिलं होतं. पुन्हा हात शिवशिवला. म्हटलं, मदत करावी. चिमटीत धरून टोपी काढली आणि टोपीबरोबर दोन्ही पानं आली. नुसता देठ उभा. थेंबभर पाणी लावून टरफल भिजू दिलं असतं तर बहुतेक ते आपसूक गळालं असतं, नाहीतर सुईच्या टोकाने हलकेच सुटलं असतं. तो उघडा देठ पुढचे चार दिवस तसाच हिरवा उभा होता. माझ्याने तो उपटवला नाही.

बाकीची रोपं वाढली, पण कशी, तर काटकुळी. दोरीसारखे देठ, वर दोन पानं आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे. "आमच्या बाल्कनीत भरपूर ऊन येतं," असं मी सगळ्यांना सांगत असे. एका रविवारी खडू घेतला आणि दर तासाला ऊन जमिनीवर कुठवर येतंय त्याची रेघ मारली. भरपूर ऊन म्हणजे साडेतीन तास निघाले. टोमॅटोला थेट सहा ते आठ तास लागतात. आपल्या डोळ्याला उजेड आणि ऊन यातला फरक फारसा कळत नाही, रोपाला कळतो. मग कुंड्या गच्चीवर नेल्या, एकदम नाही, रोज थोडा थोडा वेळ, नाहीतर खिडकीत वाढलेली पानं कडक उन्हात पांढरी पडून करपतात. टोमॅटोची एक गोष्ट मात्र फार दिलदार आहे. लांबुडकं रोप वरच्या पानांपर्यंत खोल लावलं की मातीत गेलेल्या देठालाच मुळं फुटतात. हाच प्रयोग सगळ्या रोपांवर करू नये, अनेकांचा देठ असा गाडला की कुजतो. हे मी कसं शिकले ते विचारू नका.

शेवंतीच्या बाबतीत माझी गोची नेमकी उलटी होती. काकू म्हणाल्या, शेंडा खूड. मला ते होईना. इतक्या कष्टाने वाढलेलं झाड आणि त्याचा शेंडाच तोडायचा? पण शेंडा असेपर्यंत तिथे तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की पानांच्या बगलेतले फुटवे जागे होतात. दोनदा खुडलं आणि एका काडीचं झुडूप झालं. जिथे थांबायला हवं तिथे माझा हात चालायचा आणि जिथे चालायला हवा तिथे थरथरायचा.

आता माझा सगळ्यात मोठा गुन्हा. काकडीच्या वेलाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आला. हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे एकमेकांना खेटून बसलेले, आणि त्यांच्यावर मुंग्यांची लगबग. मावा रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो, तो खायला मुंग्या येतात. मी पाण्याच्या फवाऱ्याने शेंडे धुतले, कडुनिंबाचं तेल मारलं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. आणि मग पानाखाली दिसले आणखी भयानक प्राणी. काळपट, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके, सहा पाय, चेहरामोहरा सुसरीच्या पिल्लाचा. म्हटलं, हेच ते खरे खाणारे. एकेक करून अकरा चिरडले. मोजून, समाधानाने.

संध्याकाळी फोटो शोधले आणि जेवण गेलं नाही. त्या लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या. ठिपक्यांचा तो गोंडस लाल भुंगा सगळ्यांना ओळखता येतो, पण त्याचं बालपण असं सुसरीसारखं असतं हे कुणी सांगत नाही. आणि मावा खाण्यात त्या अळ्या कमालीच्या तरबेज. माझ्या वेलावर फुकट राबायला आलेली फौज मीच कापून काढली होती.

दुसऱ्या वेलावर तीन उरल्या होत्या. तिथे मी फवारणी थांबवली आणि रोज सकाळी भिंग घेऊन बघायला लागले. अळी मावा पकडते, तोंडात धरते, आणि थोड्या वेळाने सुरकुतलेली पोकळ साल सोडून पुढच्याकडे जाते. घाई नाही, विश्रांती नाही. दहाएक दिवसांत शेंडा जवळपास साफ झाला. मग अळी पानाला चिकटून कोशात गेली आणि एका सकाळी कोश रिकामा, शेजारी फिकट पिवळा, बिनठिपक्यांचा भुंगा. मला वाटलं वेगळीच जात निघाली. पण काही तासांत पंखांवर रंग चढला आणि ठिपके उमटले.

खताचं फार सांगण्यासारखं नाही. पहिल्यांदा डब्यात नुसता ओला कचरा भरला, घरभर घाण वास सुटला. मग प्रत्येक ओंजळभर ओल्या कचऱ्यावर दोन-तीन ओंजळी सुकी पानं टाकायला लागले, वास गेला.

काकडीला फुलं धरली तेव्हा मी सगळ्यांना फोन केले. पिवळीधमक दहा-बारा फुलं, आणि चार दिवसांत सगळी खाली. पुन्हा आली, पुन्हा गळली. मी खत कमी पडलं म्हणून हळहळतेय, तर काकू म्हणाल्या, "नर फुलं आहेत गं ती. ती गळणारच." काकडीच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी, आणि बहुतेक नर आधी येतात. मादी फूल ओळखायला सोपं असतं, तिच्यामागे बोटाच्या पेराएवढी लवदार काकडी आधीपासूनच असते. परागकण पोचले तर ती वाढते, नाहीतर पिवळी पडून गळते. माझ्या पहिल्या दोन अशाच गेल्या, कारण इतक्या उंच गच्चीवर मधमाश्या फिरकत नसाव्यात. मग मऊ ब्रश आणला. फूल एकच दिवस उमलतं, म्हणून सकाळी लवकर वर जायचं, नर फुलातल्या पिवळ्या भुकटीवर ब्रश फिरवायचा आणि मादी फुलाच्या मधोमध टेकवायचा. तशा तीन काकड्या धरल्या. पहिली मी रोज दोऱ्याने मोजत होते.

चौथ्या मादी फुलाच्या दिवशी ब्रश घेऊन वर गेले तर वेलावर गुणगुण. एक मधमाशी नर फुलात डोकं खुपसून होती, मागचे पाय पिवळे झालेले. ती निघाली, पानांच्या वरून एक चक्कर मारली, लांब गेली, परत आली. मी ब्रश मागे धरून उभी होते. ती एका नर फुलावर गेली. मग दुसऱ्या नर फुलावर. मादी फूल हातभर अंतरावर, उन्हात उघडं. माझा हात दोनदा पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. मग ती उठली आणि तिथे उतरली.