पॅकेट दारापर्यंत आलंच नव्हतं

ऑफिसात नेटवर्क सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर उभा करून द्यायला लेकीनं सांगितलं, तेव्हा अर्ध्या तासाचा वेळ मागितला. शनिवारी सकाळी दहाला बसलो.

घरातल्या घरात सगळं झकास चाललं. लॅपटॉपला राउटरमधून १९२.१६८.१.२० हा पत्ता कायमचा बांधून दिला, लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे पहारेकऱ्याकडे, टीसीपीचं २५५६५ पोर्ट (माइनक्राफ्टचं आत यायचं दार) उघडलं, राउटरवर तेच पोर्ट लॅपटॉपकडे वळवलं. तिच्या मैत्रिणीनं बाहेरून जोडून पाहिलं. टाइम आउट.

मग जे करणाऱ्याला ऑफिसात मी झापतो, नेमकं तेच करत बसलो. पोर्टचा नियम तीनदा पुसून पुन्हा लिहिला, राउटर बंद-चालू केला, चिडून फायरवॉलच बंद करून टाकली. दुपार झाली. लेक दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुझं काम हेच आहे ना?"

खरं तर उत्तर पहिल्याच मेसेजमध्ये होतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं असतं, तर बहुधा माझ्या यंत्रानं 'इथे कोणी ऐकत नाही' असं कळवलं असतं. म्हणजे वाट तरी बरोबर होती. टाइम आउटमध्ये कोणी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. लॅपटॉपवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) दाखवणारं साधन, लावलं आणि मैत्रिणीला पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. स्क्रीन कोरी. पॅकेट आमच्या दारापर्यंत येतच नव्हतं, आणि मी आतल्या कड्या तपासत होतो.

राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला. सुरुवात १०० नं, पुढे ७१. कपाळावर हात मारून घेतला. आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी, ते कधीच अपुरे पडले. म्हणून २०१२ साली १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. म्हणजे माझ्या राउटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक मोठा राउटर, आणि त्याच्या एकेका सार्वजनिक पत्त्यामागे माझ्यासारखी कित्येक घरं. बाहेरून आलेलं पॅकेट यांतल्या कुणाकडे द्यायचं, हे त्याला कोण सांगणार? माझा नियम माझ्या राउटरवर होता, त्याच्यावर नव्हे.

कंपनीला फोन लावला. "सर, राउटर एकदा रिस्टार्ट करून बघा." स्वतंत्र पत्ता मिळेल, पण अर्ज करा, दोन-तीन दिवस लागतील.

लेकीच्या चेहऱ्याकडे पाहून भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला. त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. लॅपटॉपनं वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे दोन यंत्रांमधली खासगी वाट, आतून त्याच्याकडे खोदायचा. आतून बाहेर जायला कुणाची आडकाठी नसते. त्या सर्व्हरवर २५५६५ला येणारं सगळं बोगद्यातून घरी. संध्याकाळी पाचला तीन मैत्रिणी आत आल्या. टाळ्या.

सगळे उठून खायला गेले, परत आले तर पुन्हा टाइम आउट! बोगद्यातून काही मिनिटं काहीच गेलं नाही की मधला राउटर त्याची नोंद विसरतो, मग बाहेरून हाक मारायला वाटच उरत नाही. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवायची सोय वायरगार्डमध्ये आहे. ती एक ओळ टाकली आणि दुखणं थांबलं. या ओळीवाचून मी यापूर्वी ऑफिसातही एकदा अडखळलो होतो, पण ते तिथे कुणाला सांगितलेलं नाही.

रात्री नऊला आतल्या खोलीतून ओरडा. एकीनं लेकीचं घर सुरुंग लावून उडवलं होतं, म्हणून लेकीनं रागाच्या भरात तिला आयपीवरून बॅन केलं. आणि तिन्ही मैत्रिणी एका झटक्यात बाहेर फेकल्या गेल्या. लॉग उघडला. उत्तरं बोगद्यातूनच परत जावीत म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर मी येणाऱ्याचा पत्ता बदलून सर्व्हरचाच लावायचा नियम घातला होता. त्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक मुलगी १०.८.०.१ याच पत्त्यावरून आलेली दिसत होती.

"म्हणजे तिघींचा पत्ता एकच? असं कोण करतं?" लेकीनं विचारलं.

मी मुकाट्यानं बॅन काढला.