चिपळूणहून आणलेला व्हॉल्व्ह प्रीअॅम्प आणि न बदललेल्या ट्यूब

जुना व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प (मुख्य अॅम्प्लिफायरच्या आधी बारीक सिग्नल वाढवणारा डबा) घेतला असं सांगितलं की हौशी मंडळी किंमत नंतर विचारतात, आधी विचारतात, "ट्यूब कुठल्या घातल्यास?" ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह, सिग्नल वाढवणारी काचेची नळी. माझं उत्तर ऐकून ती जरा हिरमुसतात. त्यात होत्या त्याच आहेत. फक्त त्यांच्या जागा बदलल्या.

नात्यातल्या ओळखीतून कळलं होतं की चिपळूणला एका घरी असं काहीतरी पडून आहे. घरातले काका बोटीवर होते, अमेरिकेच्या एका फेरीत त्यांनी हा डबा आणलेला. ते गेल्यावर वापर थांबला. चिपळूणचं घर म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न पुराचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, तेव्हा बुडालेल्या कितीतरी वस्तू नंतर पुसूनपासून विकायला निघाल्या. ट्रान्सफॉर्मरमध्ये एकदा गाळाचं पाणी गेलं की तो वरून कितीही चकचकीत दिसो, भरवसा उरत नाही. काकी म्हणाल्या, "माळ्यावर होता तो. पाणी जिन्याच्या दोन पायऱ्या सोडून थांबलं."

झाकणाचे स्क्रू काढले तर आत ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला चिकटलेली माती! काकींचा चेहरा पडला, माझाही. मग नीट टॉर्च मारून पाहिलं. पुराचा गाळ सपाट बसतो, कोपऱ्यांतून पातळ थर धरतो, खालच्या पत्र्यावर रेघ सोडतो. ही माती एका जागी, गोल, बाहेरून बोटं फिरवल्यासारखी आणि मध्ये भोक. कुंभारमाशीचं घर. हवा खेळायला ठेवलेल्या जाळीतून ती आत शिरली असणार. पत्र्यावर पाण्याची रेघ कुठेच नव्हती, स्क्रूंवर गंज होता पण खाऱ्या हवेत जितका यायचा तितकाच.

मग व्हॉल्व्ह. चार १२एएक्स७ आणि एक रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा. १२एएक्स७ म्हणजेच युरोपवाल्यांचा ईसीसी८३, एका काचेत सिग्नल वाढवणारे दोन भाग, म्हणजे ट्रायोड; वर्धनांक, म्हणजे वाढ किती पट त्याचा आकडा, १००. काचेच्या टोकाला आतून चंदेरी मुलामा दिसतो, त्याला गेटर म्हणतात; आत उरलेला वायू तो शोषून घेतो. हा मुलामा दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. चंदेरीच्या कडा तपकिरी झाल्या म्हणून व्हॉल्व्ह संपला असं मात्र नसतं, आणि टोक काळं चकचकीत आहे म्हणून तो नवाकोरा असतो असंही नाही. विकणारे दोन्हीकडून गंडवतात. इथे चारही चंदेरी होते. काचेवरची अक्षरं अर्धी पुसलेली. ही अक्षरं नुसत्या बोटानेही जातात, त्यामुळे काच चमकवायला स्पिरिटचा बोळा घेऊ नये, ओळखच पुसली जाते.

चालू करून दाखवा, असं मी म्हटलं नाही. उलट काकींनी प्लग हातात घेतला तेव्हा घाईने थांबवलं. एक तर डबा अमेरिकन, ११७ व्होल्टचा. आपल्या २३० वर थेट लावला तर तिथेच निकाल. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं बंद असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना (वीज साठवणाऱ्या भागांना) एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटू शकतात. मी सोबत सिरीज बोर्ड आणि दाब उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर नेला होता. ६० वॉटचा पिवळा बल्ब सप्लायच्या एका तारेत घातलेला. (असा बल्ब आता मिळवणं हेच एक काम झालंय. दुकानदार एलईडी पुढे करतो, तो इथे उपयोगाचा नाही.) आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि डबा वाचतो. आमचा बल्ब लखकन पेटला आणि मंद होत गेला. थोड्या वेळाने चारही काचांत नारिंगी ठिपके दिसू लागले. काकींनी पदर डोळ्याला लावला, त्यामुळे भावाचं बोलणं मला जमेना. त्या अठरा हजार म्हणत होत्या, त्यांच्या मुलाने फोनवरून बारा सांगितले आणि व्यवहार झाला. न तपासलेल्या, न दुरुस्त केलेल्या डब्याला मी त्याहून जास्त दिले नसते.

व्हॉल्व्ह काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये कापसात बसवले, डबा गोधडीत गुंडाळला आणि एसटीने रत्नागिरी गाठली.

आमच्या आळीत एक काका आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हात अजून चालतो, डोळ्यांना भिंग लागतं. व्हॉल्व्हच्या प्रीअॅम्पमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बसून राहू शकतो. म्हणून आतलं काम मी एकटीने केलं नाही, आणि ज्याला मीटर धरायची सवय नाही त्यानेही करू नये. काका प्रत्येक वेळी रेझिस्टरने कपॅसिटर उतरवून, मीटरवर शून्य बघूनच हात घालत, आणि डावा हात पाठीमागे.

त्यांनी पहिल्याच बैठकीत केलेल्या कामांत व्हॉल्व्ह कुठेच नव्हता. फिल्टरचे कपॅसिटर बदलले. दोन पिनची वायर काढून अर्थिंगची तीन पिनची घातली. व्हॉल्व्हच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) डीसी देणारा सेलेनियम रेक्टिफायर काढून सिलिकॉनचा बसवला. सेलेनियम जळला तर त्याचा धूर विषारी आणि वास असा की घर सोडावं लागतं. सिलिकॉन स्वतः दाब कमी खातो, म्हणजे हीटरला जास्त जातो, त्यासाठी मध्ये एक जाड रेझिस्टर. सॉकेटमध्ये हिरवट बुरशीसारखं जे साठलं होतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढलं. नुसती ही साफसफाई केली आणि उजव्या चॅनेलचा अधूनमधून गायब होणारा आवाज परत आला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी सॉकेट आधी बघावं, बाकी सगळं मागाहून.

या कामांनी स्पीकरमधली गुणगुण गेली. राहिली डाव्या चॅनेलची चरचर. सुरुवातीला शांत, डबा तापला की कढईत मोहरी टाकल्यासारखी. मुंबईच्या मित्राने फोनवरच निदान केलं: ट्यूब गेल्या, चारही बदल, टेलिफंकन या जर्मन कंपनीच्या जुन्या मिळाल्या तर स्वर्ग. त्या मिळतात, नव्या बनावटीच्या कित्येक पट किमतीला. खऱ्या टेलिफंकनच्या बुडाला, पिनांच्या मधोमध, काचेत उमटवलेला, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असतो. तो नसेल आणि वर नुसती छापील नाममुद्रा असेल तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बाय, आधी डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडे घाल, मग बोल."

या डब्यात प्रत्येक चॅनेलला दोन व्हॉल्व्ह. एक रेकॉर्डच्या पिनेकडून येणारा बारीक सिग्नल मोठा करणारा, म्हणजे फोनो स्टेजचा. दुसरा त्यापुढच्या लाइन स्टेजचा. व्हॉल्यूमचं बटण या दोहोंच्या मध्ये. आम्ही व्हॉल्यूम शून्यावर नेला, चरचर तशीच. म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पुढे, लाइन स्टेजमध्ये. फोनोचे व्हॉल्व्ह या भानगडीतून सुटले. मग डबा बंद, प्लग बाहेर, व्हॉल्व्ह थंड होऊ दिले आणि लाइनचे दोन एकमेकांच्या जागी घातले. (सरळ वर ओढायचे, किंचित डोलवत, पिरगळायचे नाहीत, काचेला तळाशी चीर जाते.) पुन्हा चालू केलं, तापू दिलं. चरचर डावीकडेच.

व्हॉल्व्हचा दोष असता तर चरचर व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेली असती. ती जागची हलली नाही, म्हणजे दोष सॉकेटच्या खाली. चार टेलिफंकन आणून घातले असते तरी तीच मोहरी तडतडली असती, फक्त महागात.

काकांनी प्लॅस्टिकच्या काडीने एकेक भाग हलवून बघितला आणि अॅनोडच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या ज्या टोकाला डीसी दाब देतात तिथल्या, रेझिस्टरवर थांबले. जुन्या पद्धतीचा, कार्बन कॉम्पोझिशनचा, तपकिरी खडूच्या तुकड्याएवढा. पट्टे तपकिरी, काळा, पिवळा, म्हणजे १०० किलोओहम. एक पाय सोडवून मीटरवर धरला तर १३८. या जातीचे रेझिस्टर दमट हवेत ओल शोषतात, किंमत वर चढते, आणि अंगावर दाब असताना आवाज करतात. कोकणातला पावसाळा त्यांनी किती वेळा काढला असेल! दोन्ही चॅनेलचे अॅनोड रेझिस्टर मेटल फिल्मचे घातले. एका बाजूचा बदलला की दुसऱ्याही बाजूचा बदलायचा, म्हणजे दोन्ही चॅनेल सारखे राहतात. चहाच्या पैशात काम झालं आणि डावी बाजू गप्प झाली.

एक व्हॉल्व्ह मात्र खरोखर दोषी निघाला. उजव्या फोनोच्या काचेवर पेन्सिलच्या रबराने टिचकी मारली की स्पीकरमधून देवळातल्या घंटेसारखा नाद. आतले भाग सैल झाले की असं होतं, याला मायक्रोफोनिक म्हणतात. टिचकीला थोडा आवाज सगळेच देतात. नाद लांबत राहिला तर दोष. हा व्हॉल्व्ह टाकायचा का? फोनोमध्ये त्याच्यापुढे भरपूर वर्धन असतं म्हणून तिथे तो नकोसा. लाइन स्टेजमध्ये पुढे फारसं वर्धन नाही, तिथे तोच नाद ऐकू येईनासा झाला. लाइनमधला शांत व्हॉल्व्ह फोनोत आणि फोनोमधला नादावणारा लाइनमध्ये. खर्च काही नाही.

तरीही खाज होतीच. मित्राने स्लोव्हाकियात बनलेले नवे ईसीसी८३ उसने दिले आणि काकांनी पत्र्याच्या डब्यातून जुने, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे काढले. एके काळी आपल्याकडे व्हॉल्व्ह बनत होते हे आमच्या भाचराला खरंच वाटेना. त्यालाच मागे बसवून व्हॉल्व्ह बदलायला लावले आणि मी न बघता ऐकलं. दोन व्हॉल्व्हमध्ये वर्धनाचा थोडा फरक असला तरी मोठा आवाज तो चांगला असं कान ठरवून मोकळा होतो, म्हणून प्रत्येक वेळी टेस्ट टोन लावून मीटरवर पातळी जुळवली. लाइन स्टेजमध्ये कुठला कुठला मला ओळखता आला नाही. फोनोमध्ये बंगळूरवाल्या जोडीची सळसळ खरंच कमी होती, रेकॉर्डच्या दोन गाण्यांमधल्या जागेत कळत होती. "मखमली", "गोड" वगैरे जे लिहितात ते मला काही ऐकू आलं नाही. काकांना जोडी विकत मागितली तर ते हसले आणि डबा बंद केला. पैसे खर्चायचेच असतील तर फोनोच्या दोन जागांवर, कमी आवाजाचे म्हणून निवडलेले व्हॉल्व्ह घेऊन खर्चावेत. लाइनला हात लावू नये.

आवाज फार मोठा होतो म्हणून १२एएक्स७ च्या जागी १२एयू७ घाला, हा सल्लाही मिळाला. पिना जुळतात, हीटर जुळतो, पण त्याचा वर्धनांक २० च्या आत आणि त्याला करंट बराच जास्त लागतो. १२एएक्स७ साठी बांधलेल्या सर्किटमध्ये तो ओढूनताणून चालतो. वर्धन थोडं उतरवायचंच तर ५७५१ आहे, वर्धनांक ७०. माझ्या बाबतीत मुळात व्हॉल्व्हचा प्रश्नच नव्हता. त्या काळचे ट्यूनर नि टेपरेकॉर्डर जेमतेम अर्धा व्होल्ट देत, आजचा सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. सीडीच्या वाटेवर सिग्नल उतरवायला प्रत्येक चॅनेलला दोन-दोन रेझिस्टर टाकले, आणि बटण आता अर्ध्यापर्यंत फिरवता येतं. ६डीजे८ हा व्हॉल्व्ह तर चुकूनही या सॉकेटमध्ये घालू नये. तोही नऊ पिनांचा, बसतो छान, पण त्याच्या हीटरची जोडणी वेगळी आणि दाब ६.३ व्होल्ट.

नव्या ट्यूबसाठी बाजूला काढलेले पैसे स्टॅबिलायझरवर गेले. आमच्याकडे संध्याकाळी दाब २०० वर येतो, पहाटे २५० होतो. स्टेपडाऊनमधून ते अनुक्रमे ९६ आणि १२० व्होल्ट. ९६ वर १२.६ व्होल्टचा हीटर साडेदहाच्याही खाली जातो, आणि कमी तापलेला व्हॉल्व्ह दुबळा, चिरका वाजतो. मग लोक त्याला म्हातारा ठरवून बदलतात. स्टॅबिलायझर लावल्यावर हीटरला पावणेबारा-बारा मिळतात, अमेरिकन ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो तेही यात आटोक्यात राहतं. पावसाळ्यात मी डबा रोज थोडा वेळ चालवते, आतली ओल उडते. मात्र गडगडायला लागलं की प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मागच्या जाळीला मच्छरदाणीचं कापड आतून ताणून बसवलंय, हवा जाते, माशी जात नाही.

व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणामागचा फिरता रेझिस्टर, अजून खरखरतो. स्प्रे मारला की महिनाभर बरा. तशा मापाचा दुहेरी पॉट मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारून झाला, मिळाला नाही. काका म्हणतात आहे तोच उघडून साफ करू, पण पाऊस सरल्यावर.