फुलांची बापू कुटी

आमच्या बचत गटातल्या बाया कृषी महाविद्यालयाच्या पुष्पप्रदर्शनीला दरवर्षी नुसत्या बघायला जायच्या. डिसेंबरात शेवंती ऐन भरात असते. यंदा मात्र रचना स्पर्धेचा अर्ज भरला. विषय होता 'आपला जिल्हा'. वर्धा जिल्हा म्हटल्यावर फार खल झालाच नाही, सेवाग्रामची बापू कुटी, म्हणजे गांधीजींची राहती झोपडी, ठरली. अर्ज ऑनलाइन, ओटीपी अध्यक्षबाईंच्या मोबाइलवर आणि मोबाइल त्यांच्या पोराकडे वावरात. असो, भरला एकदाचा.

नियम एकच जाचक होता. वरून जे दिसेल ते सगळं झाडापासूनचं हवं. आत बांबूचा सांगाडा चालेल, पण रंग नाही, थर्माकोल नाही.

छपराला केशरी झेंडू हे उघडच होतं. दिवाळी सरल्यावर झेंडूला कोण विचारतं, बागवाल्याने क्रेट स्वस्तात दिली. पण अख्खी फुलं बसवली तर छप्पर कमी नि लाडवांचं ताट जास्त दिसू लागलं. मग फूल उभं चिरून अर्धं केलं आणि वळचणीपासून आढ्याकडे ओळी चढवत नेल्या, कवेलू शाकारतात तशा. खाली केळीच्या खांबाचे काप होते, त्यात ओल टिकते. टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे टोचले.

खरी पंचाईत भिंतीची. मूळ भिंत मातीची, आणि पांढऱ्या शेवंतीने ती लग्नाच्या मंडपासारखी दिसली असती. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकू म्हणाल्या, "कायले बाप्पा एवढं डोकं लावता? सोयाबीनचं कुटार पडलं आहे ना घरी!" कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, चाळलं, गव्हाच्या पिठाची खळ केली आणि पुठ्ठ्यावर थापलं. बापू कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आहेत, ती आम्ही तुळशीच्या मंजिऱ्यांनी केली. कुंपण पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचं, काहींवर बोंडं तशीच ठेवली.

सोबत माहितीची पाटी लागते. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलडाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. हे वाचून जिल्ह्यातलेच लोक "अस्सं?" म्हणत होते.

परीक्षणाच्या वेळी सगळ्यांना बाहेर काढतात. रचनेवर फक्त क्रमांक, नाव नाही. दाराच्या फटीतून दिसलं, एका परीक्षकबाईंनी भिंत नखाने खरवडून पाहिली. माती समजल्या असाव्यात!

मग प्रदर्शनी फिरलो. सेल्फीची रांग फुलांच्या हत्तीपुढे. त्याच्या पायांतली तार उघडी होती, मला काही तो भावला नाही. मी रमले शेवंतीच्या कुंड्यांत. एका दांड्यावर एकच फूल, ताटलीएवढं. बाजूच्या सगळ्या कळ्या मुगाएवढ्या असतानाच खुडायच्या, म्हणजे झाडाचा सगळा जोर त्या एकीत जातो. कुंडीवाले दादा म्हणाले, रात्र मोठी होत गेली की शेवंती कळी धरते, रात्रभर दिव्याचा उजेड पडला तर नुसती पानं वाढतात. आमच्या शेजारणीची कुंडी ग्रामपंचायतीच्या खांबाखाली आहे. ती खताला दोष देत बसलीय!

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला सिंदी रेल्वे गावच्या तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या पोरांच्या पोळ्याचा, नंदी करणाऱ्या पोरींना. पांढऱ्या शेवंतीचं अंग, रिठ्याच्या बियांचे डोळे. त्यात वादच नाही, आणि आमचं छप्पर दुपारपर्यंत पाणी फवारूनही माना टाकू लागलं होतं. चिरलेलं फूल किती टिकणार?

दादांनी बहर संपल्यावर शेवंतीचे फुटवे द्यायचं कबूल केलंय. कुंड्या कुणाच्या अंगणात ठेवायच्या यावरून गटात आत्ताच दोन तट पडलेत, कारण खांबापासून लांब अशी घरं तीनच आहेत.