मराठी-कोकणी मॅन्युअल रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमधून मार्कडाउनमध्ये नेताना

१९८७च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीलाही जागा मिळाली. त्यामुळे इथल्या पंचायतीसाठी किंवा पतसंस्थेसाठी केलेल्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये इंग्रजीशेजारी देवनागरीचे एक-दोन फोल्डर सहज असतात. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट (आरएसटी) आणि मार्कडाउन या दोन्ही साध्या मजकुरात खुणा घालून लिहायच्या पद्धती; एकीतून दुसरीत नेताना इंग्रजी फोल्डर पॅनडॉक या रूपांतराच्या प्रोग्रॅममधून सुरळीत बाहेर येतो. देवनागरीचा तितका सुरळीत येत नाही, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

आधी पॅनडॉक काय करतो ते. जॉन मॅकफर्लन यांनी २००६ साली आणलेला हा प्रोग्रॅम मूळ फाइल वाचून तिची एक अंतर्गत रचना बांधतो आणि त्या रचनेवरून नवी फाइल लिहितो. त्या रचनेत ज्याला जागा नाही ते हरवतं. टिप्पण्या (कॉमेंट) गळतात. इन्क्लूड या दुसरी फाइल आत ओढणाऱ्या सूचनेने जोडलेला सामाईक मजकूर प्रत्येक फाइलमध्ये कायमचा उतरतो. तो एकाच जागी ठेवायचा असेल तर रूपांतराआधी इन्क्लूडच्या ओळींच्या जागी खुणेचा शब्द घाला आणि नंतर परत बदला.

स्क्रिप्टचा गाभा एका लूपचा आहे: फाइंड या आज्ञेने सगळ्या आरएसटी फाइली शोधायच्या, प्रत्येकीवर पॅनडॉक चालवायचा, फ्रॉमला आरएसटी आणि टूला जीएफएम (गिटहबचा मार्कडाउन) द्यायचं. ओळी कुठे तोडायच्या ते ठरवणारा रॅप हा पर्याय विसरू नका. तो दिला नाही तर पॅनडॉक ७२ स्तंभांवर ओळी मोडतो आणि गिटच्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत, प्रत्येक परिच्छेद बदललेला दिसतो. पहिल्या कमिटसाठी (गिटमधल्या नोंदीसाठी) रॅपला प्रिझर्व्ह द्यावं असं माझं ठाम मत आहे. मूळ ओळी जिथे तुटल्या तिथेच तुटतात आणि तपासणारा माणूस डिफ खरोखर वाचू शकतो. विंडोजवर आउटपुट नेहमी पॅनडॉकच्या स्वतःच्या आउटपुट पर्यायाने लिहा. जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या चिन्हाने फाइल बनवली की ती यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतनात साठते, आणि पॅनडॉक यूटीएफ-८शिवाय दुसरं संकेतन वाचत नाही.

आता देवनागरी. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये शीर्षकाखालची रेघ शीर्षकाइतकी लांब लागते, आणि काना, वेलांटी, मात्रा हे सगळे स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात. ‘पावती’ डोळ्यांना तीन अक्षरी, आरएसटी वाचणाऱ्या डॉक्युटिल्सला पाच. खाली तीनच बरोबर-चिन्हं दिली तर रेघ चारपेक्षा लहान म्हणून तो शीर्षक मानतच नाही, साधा मजकूर समजतो. त्याची नोंद नुसत्या माहितीच्या पातळीवर होते आणि आरएसटीतून मॅन्युअलची साइट बांधणारा स्फिंक्स ती दाखवत नाही. चार किंवा जास्त चिन्हं असूनही रेघ अपुरी असेल तर निदान इशारा येतो. उपाय साधा: सगळ्या रेघा ४० चिन्हांच्या करून टाका, शीर्षक त्याहून लांब असेल तर आणखी वाढवा.

दुसरी अडचण आपल्या प्रत्ययांची. ठळक केलेल्या शब्दाला लागून ‘ने’, ‘ला’, ‘मध्ये’ आलं की रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला शेवटच्या दोन तारका बंद करणाऱ्या वाटत नाहीत, कारण त्यांच्यापुढे स्पेस किंवा विरामचिन्ह हवं. मधे बॅकस्लॅश आणि स्पेस घातली की काम होतं; ती स्पेस छापून येत नाही. म्हणून रूपांतराआधी स्फिंक्सचा बिल्ड इशाऱ्यांना चुका मानणाऱ्या पर्यायासह चालवा आणि सगळे इशारे मिटवा. मार्कडाउनमध्ये तारकांपुढे प्रत्यय चालतो, अंडरस्कोरपुढे चालत नाही. प्रत्यय जर मात्रेने सुरू होत असेल, म्हणजे ‘फाइल’ ठळक आणि ‘ईत’ची वेलांटी तारकांबाहेर, तर ती वेलांटी एकटी पडून ठिपक्यांच्या गोलावर बसते. अशा वेळी अख्खा शब्दच ठळक करावा.

‘अदृश्य चिन्हं काढा’ अशी तयार स्क्रिप्ट देवनागरीवर कधीही चालवू नका. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. त्यातला एक प्रकार म्हणजे र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह. जॉइनर उडवला की दऱ्यांचा दर्या होतो, आणि पर्यटनाच्या मॅन्युअलमध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एकाच अक्षराची वेगवेगळी संकेतरूपं एक करणारं युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही हे दोन प्रकार एक करत नाही, त्यासाठी वेगळा बदल लिहावा लागतो.

तक्ते. रायबंदर-चोडण फेरीबोटीचं वेळापत्रक चौकटीच्या तक्त्यात टाइप केलं असेल तर उभ्या रेघा पडद्यावर जुळतात तेव्हा वर्णांच्या हिशेबात चुकलेल्या असतात, आणि उलटही. असे तक्ते आधी लिस्ट-टेबल किंवा सीएसव्ही-टेबल करून घ्या, पॅनडॉक दोन्ही वाचतो. एका कप्प्यात दोन परिच्छेद असतील तर मात्र जीएफएमच्या तक्त्यात ते मावत नाहीत, पॅनडॉक तिथे एचटीएमएल लिहितो.

स्फिंक्सचे रेफ, डॉक हे रोल (दुसऱ्या जागेची लिंक देणाऱ्या खुणा) आणि टॉकट्री (पानांची अनुक्रमणिका) पॅनडॉकला कळत नाहीत. रोल नुसता कोड बनून बाहेर येतो आणि लिंक जाते. रेफमध्ये फाइलचं नावही नसतं, लेबल असतं. तेव्हा सगळ्या फाइलींमधली लेबलं आधी गोळा करून कुठलं लेबल कुठल्या फाइलीत याची यादी करा. मग लुआ फिल्टरमध्ये, म्हणजे पॅनडॉकची अंतर्गत रचना बदलणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये, रोल हा गुणधर्म पाहून त्या कोडची लिंक बनवता येते. नवी साइटही स्फिंक्सवरच राहणार असेल तर जीएफएमऐवजी मिस्ट हा स्फिंक्समध्ये चालणारा मार्कडाउन घ्या, त्यात स्फिंक्सचे रोल लिहिता येतात.

तपासताना जुनी आणि नवी फाइल पॅनडॉकनेच प्लेनमध्ये (साध्या मजकुरात) काढून डिफ करणं सोपं, पण अपुरं आहे: वाचतानाच जे गळलं ते दोन्हीकडे नसतं. शीर्षकं, कोडचे ठोकळे आणि चित्रं मूळ फाइलीत ग्रेप या शोधाच्या आज्ञेने मोजा, नव्या फाइलीत मोजा, आकडे जुळेपर्यंत मर्ज करू नका. पीडीएफ हवा असेल तर इंजिन झीलेटेक आणि मुख्य फॉन्ट देवनागरीचा द्या. भाषेच्या मेटाडेटात मराठीला एमआर आणि कोकणीला केओके हे संकेत रोमन अक्षरांत, प्रत्येक फोल्डरला वेगळे.